ठाण्यातील फॅमिली डॉक्टर आणि भेटीची वेळ : पार्श्वभूमी

ठाण्यात फॅमिली डॉक्टरांची वेळ त्याच दिवशी मिळत नाही, ही तक्रार नौपाड्यातील ज्येष्ठ नागरिकांपासून घोडबंदर रस्त्यावरील नव्या संकुलांतील रहिवाशांपर्यंत सर्वत्र ऐकू येते. तिचे कारण केवळ डॉक्टरांची अपुरी संख्या, असे म्हणणे अपुरे आहे. कोणते कुटुंब कोणत्या डॉक्टरांकडे, याची नोंद आपल्या व्यवस्थेने सर्वांसाठी कधी ठेवलीच नाही. हे नाते शेजार आणि परिचय यांच्या बळावर चालले, आणि शहराची घडी बदलताच ते बळ ओसरले. याला महत्त्वाचा अपवाद ठरला तो वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतील कामगारांचा.

स्वातंत्र्यापूर्वी मुंबई इलाख्यातील अनेक खासगी डॉक्टर पदवीधर नव्हे, तर एल.सी.पी.एस.सारखा परवाना-अभ्यासक्रम पूर्ण केलेले असत. देशातील आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६च्या अहवालानुसार देशातील सुमारे साडेसत्तेचाळीस हजार नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळपास तीस हजार याच वर्गातले होते. समितीने हे अभ्यासक्रम बंद करून एमबीबीएस हीच किमान पात्रता ठेवण्याची शिफारस केली. दर्जाच्या दृष्टीने ती योग्य होती. परंतु गल्लीच्या तोंडाशी दवाखाना थाटण्यास तयार असलेला डॉक्टरांचा मोठा वर्ग त्यामुळे हळूहळू आटला आणि त्याची जागा कोणी घ्यायची, हा प्रश्न तसाच राहिला.

त्या काळच्या दवाखान्यात आगाऊ वेळ घेण्याची पद्धतच नव्हती. सकाळी आणि संध्याकाळी दवाखाना उघडे, कंपाउंडर नंबर देई, केसपेपर काढून ठेवी आणि तापाने फणफणलेल्या मुलाला रांग मोडून आत सोडण्याचा निर्णयही बहुधा तोच घेई. रोग्याला तास-दीड तास बसावे लागे, पण त्याच दिवशी तपासले जाण्याची खात्री असे. डॉक्टर दवाखान्याच्याच परिसरात राहत असल्याने रात्रीची घरभेट शक्य होती. या व्यवस्थेचे गुणगान करताना एक गोष्ट हमखास विसरली जाते : ती डॉक्टरांच्या सुट्टीविरहित दिनक्रमावर आणि बऱ्याचदा त्यांच्या घरच्यांच्या सोशिकपणावर उभी होती.

कामगारांना उपचार आणि आजारपणातील भत्ता देणारा कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८चा. योजना १९५२मध्ये कानपूर व दिल्लीत आणि १९५४मध्ये मुंबईत सुरू झाली. महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यांबरोबरच खासगी डॉक्टरांच्या पॅनेलची पद्धत स्वीकारली गेली. कामगाराने पॅनेलवरील जवळचा डॉक्टर निवडायचा, त्याचे नाव त्या डॉक्टरांच्या यादीत लागायचे आणि डॉक्टरांना प्रत्येक तपासणीमागे नव्हे, तर यादीतील प्रत्येक विमाधारकामागे ठरावीक रक्कम मिळायची, असे तिचे सूत्र होते. १९६२मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत ठरली आणि ठाण्यात पॅनेल डॉक्टर हा शब्द कामगारांच्या घरोघरी पोचला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत १९४८पासून जी यादी साऱ्या नागरिकांसाठी होती, तिचे हे मर्यादित रूप म्हणता येईल. त्यात दोषही होते. आजारपणाच्या रजेचा भत्ता मिळण्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागत असल्याने रांगेतील प्रत्येक जण औषधासाठीच आलेला असे, असे नाही. तरीही आपला डॉक्टर कोण, याचे लेखी उत्तर त्या कामगाराकडे होते. पुढे कारखाने बंद पडले किंवा हलले, त्या जागांवर कार्यालयांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि तेथील पुष्कळ कर्मचाऱ्यांचा पगार योजनेच्या मर्यादेबाहेर गेला. २०१७पासून ही मर्यादा दरमहा २१ हजार रुपये आहे.

ठाणे महानगरपालिका १९८२मध्ये स्थापन झाली. १९९१च्या जनगणनेत सुमारे आठ लाख असलेली शहराची लोकसंख्या २०११मध्ये अठरा लाखांवर गेली. नवी वस्ती मानपाडा, कासारवडवलीच्या दिशेने पसरली. तिथल्या गाळ्यांचे भाडे एकट्या जनरल प्रॅक्टिशनरला पेलणे कठीण असल्याने एकाच जागेत आठवड्यातून ठरावीक दिवशी तासभर बसणारे वेगवेगळे तज्ज्ञ, अशी पॉलिक्लिनिकची रचना रुळली. एमबीबीएसनंतर पदव्युत्तर शिक्षण जवळजवळ अपरिहार्य मानले जाऊ लागले. आरोग्य विम्यानेही या बदलाला हातभार लावला, कारण सर्वसाधारण पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देते, दवाखान्यातील तपासणीचा देत नाही. गल्लीतील प्रॅक्टिस बऱ्याच अंशी आयुर्वेद व होमिओपॅथीच्या पदवीधरांनी सांभाळली आणि २०१४मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधे देण्याची तरतूद केली. तिच्यावरील वाद अजून शमलेला नाही.

केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन वा व्हिडिओवरून रुग्णाला सल्ला देण्याची, मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. करोनाच्या काळात गर्दी टाळण्यासाठी फोन करून वेळ ठरवण्याची सवय अनेक छोट्या दवाखान्यांनाही लागली आणि ती टिकली. जिथे पूर्वी दहाजण बाकावर बसून राहत, तिथे आता ठरलेल्या वेळा भरल्या की अकराव्याला उद्या या, असे सांगितले जाते. ज्याला ओळखीने फोन करता येतो, त्याची सोय होते. नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूची होत नाही.

सार्वजनिक बाजूने २०१३मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान आले आणि सुमारे पन्नास हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष ठरला. पुढे ‘आपला दवाखाना’ या नावाने वस्तीजवळ छोटे दवाखाने सुरू झाले, संध्याकाळी कामावरून परतणाऱ्यांना त्यांचा उपयोगही होतो. मात्र निकष लोकसंख्येचा आहे : केंद्रामागे किती माणसे, हे त्यात ठरते, अमुक कुटुंब अमुक डॉक्टरांच्या यादीत, ही पॅनेल पद्धतीतील तरतूद त्यात नाही.