समुद्राखालच्या केबलचं कायदेशीर संरक्षण

समुद्राच्या तळावर टाकलेल्या टेलिफोन-इंटरनेटच्या आणि विजेच्या केबल कोणी तोडू नयेत, तुटल्या तर जबाबदार कोण आणि दुरुस्तीचा खर्च कोणी द्यायचा, हे ठरवणारे आंतरराष्ट्रीय करार आणि देशोदेशीचे कायदे या विषयात येतात. खंडाखंडांमधला जवळपास सगळा डेटा याच केबलमधून जातो, सॅटेलाइटचा वाटा अगदी थोडा, आणि तरी खोल समुद्रातली डेटा केबल जेमतेम बागेला पाणी घालायच्या पाइपाएवढी जाड असते. किनाऱ्याजवळ तिच्यावर पोलादी तारांचं कवच असतं, जमेल तिथे ती तळात पुरतात, पण तरीही जगभरात वर्षाला साधारण १५० ते २०० वेळा केबल बिघडतातच. यातले बहुतेक बिघाड मासेमारीच्या जाळ्यांनी नाहीतर जहाजांच्या नांगरांनी होतात. म्हणजे केबल तोडणारा माणूस बहुतेक वेळा गुन्हेगार नसतो, खाली केबल आहे हेच त्याला माहीत नसतं, आणि हे लक्षात ठेवलं तरच हा कायदा असा का बनलाय ते कळतं.

इंग्लंड आणि फ्रान्समधली पहिली केबल १८५० मध्ये टाकली आणि ती लगेचच बंद पडली, एका मच्छिमाराने ती ओढून तोडली असं सांगतात. पुढे अटलांटिकपार तारा गेल्या, धंदा वाढला, आणि १४ मार्च १८८४ ला पॅरिसमध्ये समुद्राखालच्या टेलिग्राफ केबलच्या संरक्षणाचा करार झाला, तो १ मे १८८८ पासून लागू झाला. मुद्दाम किंवा हलगर्जीपणाने केबल तोडणं हा शिक्षेचा गुन्हा ठरला, केबल टाकणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या जहाजापासून इतरांनी १ सागरी मैल लांब राहायचं आणि केबलची जागा दाखवणाऱ्या बोयांपासून (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांपासून) पाव मैल. जीव किंवा जहाज वाचवायला केबल तोडावी लागली तर गुन्हा नाही.

पण या करारातलं सगळ्यात शहाणपणाचं कलम शिक्षेचं नाहीच, ते भरपाईचं आहे. समजा ट्रॉलरचा, म्हणजे जाळं ओढत मासे धरणाऱ्या जहाजाचा, नांगर खाली कशाततरी अडकला आणि कॅप्टनला समजलं की ही केबल आहे, तर त्याच्यापुढे दोनच वाटा, जोर लावून नांगर ओढायचा आणि केबल तोडायची, नाहीतर नांगर तिथेच कापून सोडून द्यायचा आणि स्वतःचं नुकसान सोसायचं. करार म्हणतो नांगर सोड, पैसे केबलवाला देईल. अट इतकीच की खलाशांच्या साक्षीनिशी घटनेची नोंद शक्य तर तिथल्या तिथे करावी आणि पहिल्या बंदरात पोचल्यावर २४ तासांत अधिकाऱ्यांना कळवावं. भर समुद्रात पोलीस नसतात, तिथे माणसाला नीट वागायला लावायचं तर त्याचं नुकसान भरून देणं हाच खरा उपाय, आणि हे त्या लोकांना १८८४ मध्ये कळलं होतं याचं मला फार कौतुक वाटतं.

शिक्षेची बाजू मात्र कायम लंगडी राहिली. खुल्या समुद्रात जहाजावर अधिकार चालतो तो त्याचा झेंडा ज्या देशाचा त्या देशाचा. १८८४ च्या कराराने दुसऱ्या देशाच्या युद्धनौकेला संशयित जहाजाची कागदपत्रं तपासायची मुभा दिली, खटला चालवायची नाही. फेब्रुवारी १९५९ मध्ये न्यूफाउंडलंडजवळ अटलांटिकपार जाणाऱ्या ५ केबल तुटल्या तेव्हा अमेरिकी नौदलाच्या 'रॉय ओ. हेल' या जहाजाने 'नोवोरोसिस्क' नावाच्या सोव्हिएत ट्रॉलरवर माणसं पाठवून तपासणी केली, त्यानंतर दोन्ही सरकारांत खलित्यांची देवाणघेवाण झाली आणि सोव्हिएत बाजूने आरोप नाकारला.

१९८२ च्या समुद्र कायदा करारात (लागू १९९४) यातलं बरंच काही ११३ ते ११५ या कलमांत आलं, नांगराची भरपाईसुद्धा, फक्त तिथे जहाजवाल्याने आधी वाजवी काळजी घेतलेली असावी अशी अट आहे. प्रत्येक देशाने आपल्या झेंड्याच्या जहाजांसाठी कायदा करायचा आहे, पण अनेकांनी तो केलेलाच नाही, किंवा जुना कायदा तसाच धूळ खात पडलाय, जसं अमेरिकेच्या १८८८ च्या कायद्यात मुद्दाम केबल तोडली तर जास्तीत जास्त २ वर्षं कैद आणि ५,००० डॉलर दंड, हलगर्जीपणाला ३ महिने आणि ५०० डॉलर. केबल दुरुस्तीच्या खर्चापुढे हे आकडे काहीच नाहीत.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत किनारी देशाचा कायदा पूर्ण चालतो, त्यापुढे घोळ सुरू होतो. २५ डिसेंबर २०२४ ला 'ईगल एस' या कुक आयलंड्सच्या झेंड्याच्या टँकरने नांगर फरफटवत फिनलंडच्या आखातातली एस्टलिंक २ ही वीज केबल आणि ४ डेटा केबल तोडल्या असा आरोप झाला, फिनलंडने जहाज आपल्या हद्दीत आणून ताब्यात घेतलं, अधिकाऱ्यांवर खटला भरला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या कोर्टाने सांगितलं की केबल आमच्या प्रादेशिक समुद्राबाहेर तुटली, हा खटला चालवायचा अधिकारच आम्हाला नाही. दोष आहे की नाही हे त्या कोर्टाने ठरवलंच नाही.

न्यूझीलंडने १९९६ च्या कायद्याने आणि ऑस्ट्रेलियाने २००५ च्या कायद्याने केबलभोवती संरक्षित पट्टे आखलेत, तिथे नांगर टाकणं आणि बऱ्याच प्रकारची मासेमारी बंद. युद्धाचं म्हणाल तर १८८४ च्या कराराने लढणाऱ्या देशांना सरळ मोकळं सोडलंय.

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात १९९८ मध्ये ट्रॉलरवाल्यांनी आणि केबल कंपन्यांनी मिळून समिती केली. जाळं अडकलं तर ओढायचं नाही, आधी कंपनीला फोन करायचा, जाळं सोडावं लागलं तर कंपनी पैसे देते आणि साध्या चुकीसाठी मच्छिमारावर दावाही लावत नाही.