‘अटॅचमेंटवर काम करणारा समुपदेशक’: एका शब्दामागचा इतिहास

“अटॅचमेंटवर काम करणारं कोणी माहीत आहे का?” ही विचारणा अलीकडे मराठी घरांतूनही ऐकू येते. विचारणाऱ्यांत दत्तक मूल नुकतंच घरी आणलेले आईबाप असतात, त्याच त्या भांडणाला कंटाळलेली जोडपी असतात, आणि मोबाइलवर काहीतरी वाचून ‘मी अँक्शस टाइप आहे’, म्हणजे नात्यात सतत धास्तावलेली व्यक्ती, असं ठरवून बसलेली पंचविशी-तिशीतली मुलं-मुलीही असतात. प्रत्येकाला हवी असलेली मदत वेगळी असते, तरी सगळे शब्द एकच वापरतात. हा शब्द फार वेगवेगळ्या वाटांनी आपल्यापर्यंत आला आहे, आणि त्यातली एक वाट धोक्याची आहे.

अटॅचमेंट म्हणजे मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातलं भावनिक नातं. त्याबद्दलच्या सिद्धांताचा उगम लंडनचा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. चोऱ्या करणाऱ्या 44 मुलांच्या नोंदी तपासणाऱ्या एका मनोविश्लेषकाला दिसलं, की ज्या 14 मुलांना कोणाबद्दलच माया वाटत नव्हती, त्यांतली 12 अगदी लहानपणी आईपासून दीर्घ काळ तुटलेली होती. हा निबंध 1944 चा. 1952 मध्ये रुग्णालयात एकटी ठेवलेली दोन वर्षांची मुलगी कशी हळूहळू मिटत जाते याचं चित्रीकरण दाखवलं गेलं, आणि 1959 मध्ये ब्रिटनच्या सरकारी समितीने सांगितलं की दाखल असलेल्या मुलांना आईबापांना मोकळेपणी भेटू द्यावं. आपल्याकडे बाळाच्या खाटेशेजारी आई चटई टाकून झोपते, म्हणून यात नवं काय ते चटकन कळत नाही. तिथे तेव्हा कित्येक रुग्णालयांत आठवड्यातून एखाद-दोन वेळाच भेट मिळे.

पुढचं पाऊल युगांडात पडलं. 1954-55 मध्ये एका संशोधिकेने तिथल्या 26 कुटुंबांच्या घरी जाऊन बाळं आणि आया पाहिल्या. नंतर अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये तिने साधारण वीस मिनिटांचा, आठ टप्प्यांचा प्रयोग बसवला. एक अनोळखी खोली, जमिनीवर खेळणी, एक परकी बाई. आई मुलाला सोडून बाहेर जाते आणि परत येते. बघणाऱ्याचं लक्ष रडण्याकडे जातं. खरी नोंद मात्र आई परत आल्यावरची असते. मूल हात वर करत तिच्याकडे झेपावतं आणि कडेवर घेतल्यावर शांत होतं का? की गाडी फिरवत बसतं आणि वर बघतच नाही? की ‘घे’ म्हणतं आणि घेतल्यावर लाथा झाडतं? त्यावरून तीन प्रकार ठरले, 1980 च्या दशकात चौथा जोडला गेला. हे वर्णन त्या मुलाच्या त्या माणसाशी असलेल्या नात्याचं होतं. ते मुलाच्या आजाराचं नाव नव्हतं.

गुंता झाला तो इथेच. 1970 च्या दशकापासून अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, एव्हरग्रीन या डोंगराळ गावाच्या परिसरात, वेगळाच प्रकार वाढू लागला. त्याचं म्हणणं असं, की आधीच्या हालअपेष्टांमुळे मुलाच्या मनात राग कोंडलेला असतो आणि तो बाहेर काढल्याशिवाय नव्या आईबापांशी नातं जुळत नाही. म्हणून मुलाला जबरदस्तीने धरून ठेवायचं, डोळ्यांत बघायला लावायचं, चिडवायचं, ते थकून शरण येईपर्यंत सोडायचं नाही. 1990 च्या दशकात पूर्व युरोपातल्या अनाथालयांतून मुलं दत्तक घेणाऱ्या अमेरिकन घरांना मदत हवी होती, आणि या मंडळींकडे लक्षणांच्या लांबलचक याद्या तयार होत्या. 1980 पासून निदानाच्या अधिकृत यादीत नात्याशी संबंधित एक विकार होता (2013 मध्ये त्याचे दोन वेगळे विकार झाले), पण त्याच्या व्याख्येशी या याद्यांचा फारसा संबंध नव्हता. नाव मात्र घेतलं ‘अटॅचमेंट थेरपी’.

एप्रिल 2000 मध्ये तिथे दहा वर्षांच्या एका दत्तक मुलीला ‘पुनर्जन्म’ देण्यासाठी फ्लॅनेलच्या चादरीत गुंडाळलं गेलं. चारी बाजूंनी उशा, उशांवर मोठ्या माणसांचं वजन. तिने त्यातून धडपडत बाहेर यायचं आणि नव्या आईची व्हायचं, अशी कल्पना. श्वास घेता येत नाही असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. सुमारे 70 मिनिटांनी चादर उघडली तेव्हा ती निपचित होती. दुसऱ्या दिवशी गेली. हे सगळं त्यांनीच चित्रित केलेलं होतं आणि ते न्यायालयात दाखवलं गेलं. 2001 मध्ये दोघी थेरपिस्टना प्रत्येकी 16 वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी राज्याने या ‘पुनर्जन्म’ पद्धतीवर कायद्याने बंदी आणली. 2006 मध्ये बालसंरक्षण क्षेत्रातल्या तज्ज्ञांच्या गटाने अशा बळजबरीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली.

यावर इतकं लिहिण्याचं कारण असं, की मूळ सिद्धांत याच्या बरोबर उलटं सांगतो. मूल घाबरलं की कोणाकडे धाव घेतं, हा त्याचा प्रश्न. ज्याच्याकडे धाव घ्यायची त्यानेच घाबरवलं, तर मूल जाणार कुठे? इंग्रजीत निदान ‘अटॅचमेंट थेरपी’ (ही बळजबरीची) आणि ‘अटॅचमेंट-बेस्ड थेरपी’ (मूळ सिद्धांतावर आधारलेली) असा एका शब्दाचा फरक करतात. बोली मराठीत दोन्हींची सरमिसळ होते.

मराठी प्रतिशब्दांनीही मदत केलेली नाही. कोर्टकचेरीत अटॅचमेंट म्हणजे जप्ती. मानसशास्त्रावरच्या मराठी लेखनात कुठे ‘आसक्ती’ येतं, कुठे ‘अनुबंध’. आसक्ती तर आपण संतांकडून सोडायला शिकलो आहोत. ती मुलात असणं चांगलं, हे मराठी कानाला पटत नाही. माझ्या मते ‘लळा’ सगळ्यांत जवळचा. लळा लागतो आणि लळा लावावाही लागतो, म्हणजे दोन्ही बाजू त्यात आहेत. पण तो शब्द कोणी पाटीवर लिहीत नाही.

मोठ्यांच्या बाबतीत हा विषय आला तोही कोलोरॅडोतूनच, हा योगायोग. 1985 मध्ये डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात प्रेमाबद्दलची प्रश्नावली छापली गेली. आलेल्या 620 उत्तरांवर 1987 मध्ये निबंध प्रसिद्ध झाला: सुमारे 56 टक्के सुरक्षित, 25 टक्के अंतर राखणारे, 19 टक्के धास्तावलेले. आज मोबाइलवर दोन मिनिटांत ‘तुमचा टाइप’ सांगणाऱ्या चाचण्यांचं कूळ हेच. ती वर्तमानपत्रातून गोळा केलेली माहिती होती. तिच्यावरून कोणाचं निदान करायचं नव्हतं.

उपचारांची वाट वेगळी. 1988 मध्ये मूळ सिद्धांतकाराने, म्हणजे लंडनच्या त्याच मनोविश्लेषकाने मांडलं, की समुपदेशकाने आधी सुरक्षित आधार व्हावं, मग दुखऱ्या गोष्टींकडे वळावं. सासुरवाशीण माहेरी पोचते, पहिल्या दिवशी नुसती झोपते, बोलते ती तिसऱ्या दिवशी, तसंच काहीसं. 1980 च्या दशकापासून जोडप्यांसाठी भावनाकेंद्री पद्धत आली, पुढे खिन्न किशोरवयीन मुलं आणि त्यांच्या आईबापांसाठी फिलाडेल्फियात घडलेली, शिवाय तान्ह्या बाळांच्या पालकांसाठी व्हिडिओ दाखवून काम करणाऱ्या. प्रत्येकीचं प्रशिक्षण स्वतंत्र आहे. जोडप्यांच्या पद्धतीत चार दिवसांची कार्यशाळा ही फक्त सुरुवात असते, खरं शिक्षण त्यानंतरच्या पर्यवेक्षणात, म्हणजे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करताना होतं.

महाराष्ट्रात अडचण ‘समुपदेशक’ या शब्दाचीही आहे. 1984 च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशक आले. नंतर सरकारी रुग्णालयांत एचआयव्ही तपासणीच्या खोलीबाहेर तीच पाटी लागली, आणि जून उजाडला की इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचे समुपदेशक दिसतात. 1992 च्या कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी सुरू झाली. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्यांची व्याख्या आहे, समुपदेशकाची नाही. 2021 च्या कायद्याने समुपदेशकांना एका यादीत आणलं खरं, पण त्याच यादीत मधुमेह शिक्षक आणि स्तनपान सल्लागारही आहेत. ‘अटॅचमेंट’ ही वेगळी पात्रता म्हणून यातल्या कोणत्याही कायद्यात नोंदलेली नाही. ऑनलाइन सूचीत नावापुढे दिसणारी ‘अटॅचमेंट’ची खूण बहुधा त्या व्यक्तीने स्वतःच केलेली असते.

म्हणून भार येतो तो पहिल्या फोनवर. कोणत्या पद्धतीचं प्रशिक्षण झालं आणि सध्या पर्यवेक्षण कोणाकडे, हे विचारलं तर नीट शिकलेली व्यक्ती आनंदाने सांगते. दत्तक मुलासाठी शोधत असाल तर सत्रात आईबाप खोलीत असतात का, हेही विचारा. या परंपरेतलं लहान मुलांबरोबरचं बरंच काम पालकांना सोबत घेऊनच चालतं. आणि मूल चिडलं, निघून जायला लागलं, तर तुम्ही काय करता? या उत्तरात धरून ठेवणं आलं, तर फोन ठेवून दुसरा नंबर लावावा.