४० सेकंदांनंतर शत्रू कुठे असेल?

'यामातो' या जपानी युद्धनौकेवरच्या व्हिडिओंत एक वाक्य हमखास ऐकू येतं: तिच्या तोफा ४२ किलोमीटरवरचं जहाज बुडवू शकत होत्या. आकडे खरे आहेत. नळीचा व्यास ४६ सेंटिमीटर, गोळ्याचं वजन जवळजवळ दीड टन, आणि गोळा ४२ किलोमीटर जायचाही. पण गोळा तिथवर पोचणं वेगळं आणि तिथल्या जहाजावर पडणं वेगळं. चालत्या जहाजावरून चालत्या जहाजावर तोफेनं मारलेले सर्वांत लांबचे नोंदलेले फटके सुमारे २४ किलोमीटरचे आहेत. त्यांतला एक ९ जुलै १९४० रोजी भूमध्य समुद्रात ब्रिटिश 'वॉरस्पाइट'नं इटलीच्या 'जुलिओ चेझारे'वर मारला.

अडचण साधी आहे. तेवढं अंतर कापायला गोळ्याला ४० सेकंद तरी लागतात. ३० नॉट वेगानं पळणारं जहाज सेकंदाला सुमारे १५ मीटर जातं, म्हणजे तेवढ्यात ते ६०० मीटर पुढे गेलेलं असतं. त्याची लांबी दोन-अडीचशे मीटर, रुंदी त्याहून कितीतरी कमी. शिवाय तोफ ज्या जहाजावर आहे तेही पळतंय, डोलतंय. १९१६ साली जटलंडच्या लढाईत ब्रिटन आणि जर्मनी यांची, जगातली दोन सर्वांत बलाढ्य आरमारं समोरासमोर आली, आणि दोन्हीकडच्या मोठ्या तोफांचे शंभरातले जेमतेम तीन गोळे लागले.

म्हणून या तोफांच्या इतिहासात मला पोलादी नळीपेक्षा जहाजाच्या पोटातली एक खोली जास्त महत्त्वाची वाटते. चिलखताच्या आड, पाण्याच्या पातळीखाली, तिथे आकडेमोड करणारं यंत्र असे. ब्रिटिशांकडे आर्थर पोलन आणि फ्रेडरिक ड्रेयर यांनी अशी यंत्रं घडवली, अमेरिकेत हॅनिबल फोर्डनं 'रेंजकीपर' बनवला. त्यांच्या आत ना व्हॉल्व्ह, ना ट्रान्झिस्टर. गणित करत होते दांडे, दातेरी चाकं आणि चकत्या.

त्यातली चकती नीट समजून घेऊ. एक सपाट पोलादी चकती मोटार एकाच ठरलेल्या वेगानं फिरवते. म्हणजे चकतीचं फिरणं हे काळाचं माप झालं. तिच्यावर एक पोलादी गोळी टेकलेली, त्या गोळीवर दुसरी, आणि दुसरीवर एक आडवा रूळ. गोळ्यांची ही जोडी चकतीच्या मध्यापासून कडेपर्यंत सरकवता येते. फिरत्या जात्यावर मुंगी खुंट्याशी बसली तर जागच्या जागी गरगरते. कडेला बसली तर तेवढ्याच वेळात मोठा फेरा मारते. गोळीचंही तसंच. मध्यावर असताना ती रुळाला मुळीच फिरवत नाही, आणि मध्यापासून जितकी दूर जाईल तितका रूळ जोरात फिरतो. मध्य ओलांडून पलीकडे नेली की रूळ उलटा फिरू लागतो.

आता शत्रूचं अंतर दर सेकंदाला किती मीटरनं बदलतंय, तेवढ्या प्रमाणात गोळ्या मध्यापासून दूर सरकवा. रूळ जेवढा फिरेल तेवढा अंतरातला बदल! वेग क्षणाक्षणाला बदलला तरी गोळ्या सरकत राहतात आणि रूळ न चुकता बेरीज करत राहतो. बारावीत आपण जे इंटिग्रेशन कागदावर करतो, ते इथे धातू करतोय. आणि गोळ्या दोन का? एकच असती तर बाजूला सरकवताना ती चकतीवर किंवा रुळावर घासली असती. दोन गोळ्या एकमेकींवर लोळत सरकतात, घसरत नाहीत. यंत्ररचनेतल्या इतक्या सुंदर युक्त्या मी फार थोड्या पाहिल्या आहेत.

खरा पेच पुढेच आहे. गोळा किती वेळ हवेत राहील हे कळायला अंतर हवं, पण ते आत्ताचं नव्हे, गोळा पडेल त्या क्षणाचं. आणि ते अंतर काढायला गोळा किती वेळ हवेत राहील हे आधी माहीत हवं. यावर तोड म्हणजे उत्तराचा दांडा वळवून पुन्हा प्रश्नाच्या चाकाला जोडणं. अंदाजे वेळेवरून अंतर निघतं, त्या अंतरावरून सुधारलेली वेळ, तिच्यावरून सुधारलेलं अंतर. दोन्ही बाजू जुळेपर्यंत चाकं फिरतात आणि मग स्थिरावतात. वारा, नळीची झीज, बारुदाचं तापमान आणि स्वतःभोवती फिरणाऱ्या गोळ्याचं बाजूला सरकणं, या सगळ्यांची दुरुस्तीही त्यात मिसळलेली असते.

पुराणातली अस्त्रं म्हणजेच आजची क्षेपणास्त्रं असे संदेश मला नेहमी येतात. मंत्र म्हटला की अस्त्र शत्रूला शोधत जातं, हे कथेत शोभतं. पण लक्ष्य हललं तर काय, हा प्रश्न कुणी मांडला, त्याचं उत्तर कोणत्या आकड्यांतून काढलं आणि कितीदा चुकलं, हे दाखवता येत नसेल तर ते तंत्रज्ञान नव्हे.

या खोलीचं मोल २५ ऑक्टोबर १९४४ च्या पहाटे फिलिपिन्सजवळ सुरिगाव सामुद्रधुनीत दिसलं. पर्ल हार्बरला बुडालेली आणि पुन्हा वर काढून सजवलेली अमेरिकी युद्धनौका 'वेस्ट व्हर्जिनिया' तिथे होती. मिट्ट काळोखात तिच्या नव्या रडारनं अंतर दिलं, यंत्रानं नेम दिला, आणि जवळजवळ २१ किलोमीटरवरच्या जपानी 'यामाशिरो'वर पहिल्याच फैरीत फटका बसला. त्याच रांगेत 'पेनसिल्व्हेनिया' उभी होती. तिच्यावर १४ इंची १२ तोफा होत्या, पण रडार जुनं. तिला लक्ष्यच सापडलं नाही. रात्रभरात तिनं एकही गोळा झाडला नाही.

१९८० च्या दशकात अमेरिकेनं 'आयोवा' वर्गाच्या चार युद्धनौका पुन्हा सेवेत घेतल्या आणि त्यांवर टोमाहॉक क्षेपणास्त्रं चढवली, पण मोठ्या तोफांसाठीची दातेरी चाकांची यंत्रं तशीच ठेवली. तपासणीत दिसलं होतं की डिजिटल संगणक बसवून नेम फारसा सुधारणार नाही. चूक राहत होती ती गोळा नळीतून नेमक्या किती वेगानं सुटतो यात. म्हणून तो वेग मोजणारं छोटं रडार तोफांजवळ बसवलं आणि त्याचा आकडा जुन्याच यंत्रात भरला जाऊ लागला. १९९१ च्या आखाती युद्धात 'मिसुरी' आणि 'विस्कॉन्सिन'च्या १६ इंची तोफांचा नेम याच यंत्रांनी धरला.