बॉन्ड ठेवायचे की विकायचे, हा प्रश्न आला कुठून

म्हापशाच्या काकींनी परवा फोन करून विचारलं, "बॉन्डातले पैसे ठेवू की काढून बँकेत टाकू?" ठेवा म्हणा नाहीतर काढा म्हणा, पण त्याआधी काकींचे पैसे बॉन्डात गेलेच कसे ते बघायला हवं.

आपल्या गोव्यात बचत म्हणजे सोनं, नाहीतर एफडी. सोन्याने पण रडवलंय म्हणा, लोकांनी पोर्तुगीजांच्या बांकु नासियोनाल उल्त्रामारिनुत गहाण ठेवलेले दागिने मुक्तीच्या वेळी लिस्बनला गेले ते परत यायला १९९१ उजाडलं. एफडीसाठी मग अर्बन बँका, ओळखीची माणसं, व्याज थोडं जास्त. आणि २०२० च्या एप्रिलात म्हापसा अर्बनचं लायसन्स रिझर्व्ह बँकेने रद्द केलं, पुढच्या वर्षी मडगाव अर्बनचंही. ठेवींचा विमा २०२० च्याच फेब्रुवारीत १ लाखाचा ५ लाख झाला होता तेवढाच काय तो आधार, पण त्याच्यावरची रक्कम ज्यांची होती त्यांची झोप उडाली ती उडालीच.

त्याच २०२० साली रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ टक्क्यांवर आला, मोठ्या बँकांची एफडी पाच-साडेपाचवर, रिटायर्ड माणसाने खायचं काय? मग कोणीतरी ९ टक्केवाला एनसीडी, म्हणजे कंपनी ठराविक व्याजाने आपल्याकडून कर्ज घेते तो बॉन्ड, दाखवतो. पूर्वी प्रायव्हेट प्लेसमेंटचा, म्हणजे ठराविक गुंतवणूकदारांनाच विकलेला, एक बॉन्ड १० लाखांचा असायचा, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२३ पासून तो १ लाखावर आणला आणि २०२४ मध्ये १० हजारावर, बॉन्ड विकणारी अ‍ॅप २०२२ च्या शेवटी नियमाखाली आलीच होती. म्हणजे वाट मोकळी झाली, विमा मात्र शून्य, हे कोणी ठळक सांगत नाही.

रेटिंगचं म्हणाल तर आयएल अँड एफएस ही फायनान्स कंपनी २०१८ च्या ऑगस्टपर्यंत ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात वरच्या रेटिंगची, होती आणि सप्टेंबरात डिफॉल्ट!! घरकर्ज देणारी डीएचएफएल २०१९ मध्ये बुडाली, सुमारे ८७ हजार कोटींचे दावे आणि २०२१ मध्ये पिरामलने घेतली ती ३४,२५० कोटींत. त्यात सिक्युअर्ड (मागे तारण असलेला) कोण, अनसिक्युअर्ड कोण यावर कोणाच्या वाट्याला काय ते ठरतं, म्हणून मी आधी तेच बघतो, कूपन म्हणजे व्याजदर नंतर.

विकायचं म्हटलं तरी सोपं नाही, एक्सचेंजवर लिस्टेड असलं तरी घेणारा मिळेल याची खात्री नाही, मिळाला तर भाव पाडून मागतो. टीडीएसही २०२३ च्या एप्रिलपासून लिस्टेड बॉन्डच्या व्याजावर कापतात.

काकींचा बॉन्ड सिक्युअर्ड निघाला, चौदा महिने बाकी, आणि आत्ता विकला तर शंभराला सत्त्याण्णव हातात. ठेवा म्हटलं, पण मुदत संपून पैसे सुटले की त्याच कंपनीत परत नको, आणि ५ लाखांपर्यंतचे बँकेत टाका. काकी म्हणाल्या, "कुठच्या बँकेत?"