'परीक्षण', 'परिचय' आणि मधला वाचक

नुकत्याच वाचलेल्या कादंबरीबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या की हमखास विचारलं जातं: हे परीक्षण की परिचय? घोळ शब्दांचा आहे आणि बराच जुना आहे.

'टीका' म्हणजे मुळात भाष्य. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका. तिथे गीतेला कुणी नावं ठेवलेली नाहीत. छापील पुस्तकांच्या काळात, विशेषतः १८७४ पासून पुण्याहून निघालेल्या एका एकहाती मासिकाने ग्रंथकारांची सालटी काढायला सुरुवात केल्यावर, दोष दाखवणं हाच अर्थ रुळत गेला. (तेव्हा कादंबरीचं नावही पक्कं नव्हतं. १८७२च्या एका निबंधाच्या शीर्षकातच 'नावल' आहे.)

'परीक्षण' या शब्दात परीक्षा आहे, म्हणजे तपासणारा वर आणि पुस्तक खाली. वृत्तपत्रांत हा व्यवहार दोन प्रतींवर चालायचा. प्रकाशक 'अभिप्रायार्थ सादर' असा शिक्का मारून प्रती धाडणार, एक कचेरीला, एक परीक्षकाला. जागा नसली की पुस्तक 'साभार पोच'मध्ये: नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत. मत शून्य. वाचनालयातून आणून वाचणारा या साखळीत कुठेच नव्हता. त्याचं मत पेन्सिलीने, मागच्या तारखांच्या चिठ्ठीशेजारी: 'शेवट गुंडाळला आहे.' खाली दुसऱ्या अक्षरात: 'मग तुम्ही लिहा.' ग्रंथपालाने खोडरबर फिरवेपर्यंत ते टिकायचं.

'परिचय' हा यातला तह. मराठी प्रकाशनाचं वर्तुळ लहान, आवृत्ती हजाराच्या आसपास, लेखक उद्या कार्यक्रमात समोर बसलेला. 'परीक्षण' म्हटलं तर वाईट म्हणायची जबाबदारी येते. 'परिचय' म्हटलं की सुटका. खरं सांगायचं तर ही पळवाट आहे. बाराशे शब्दांतले हजार कथानकात जातात आणि मत शेवटच्या ओळीत उरतं: 'संग्राह्य', 'प्रत्येकाने वाचावी अशी'. त्यातलंही सोयीचं तेवढं पुढच्या आवृत्तीच्या मलपृष्ठावर जातं. 'मधली शंभर पानं रेंगाळतात, पण भाषा जिवंत आहे' यातलं 'भाषा जिवंत' एवढंच. त्या मजकुराला प्रकाशन व्यवसायात 'पाठराखण' म्हणतात, आणि शब्द अगदी नेमका आहे.

'रसग्रहण' दहावीच्या कवितेला चिकटलं, 'समीक्षा' विद्यापीठात गेली. उरला 'अभिप्राय', पण त्यावर आधीच प्रकाशकाचा शिक्का.

युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरांची एकच संकेतपद्धती, रुळण्याआधी संगणकावरचा मराठी मजकूर समोरच्याकडे तोच फॉन्ट नसेल तर चौकोन आणि चिन्हं होऊन उघडायचा. ती अडचण गेली आणि शिक्क्याच्या प्रतीशिवाय वाचणाऱ्यांनी इंटरनेटवर मोठ्या संख्येने लिहायला घेतलं. ते स्वतःच्या लेखनाला ना परीक्षण म्हणतात ना परिचय; बहुतेकदा नुसतं 'नुकतंच वाचलेलं'. त्यांच्या काही सवयी छापील सदरांपेक्षा काटेकोर आहेत. कथानक पहिल्या चतुर्थांशापलीकडे सांगायचं असेल तर वर 'रहस्यभेद' लिहितात. आवृत्तीचं वर्ष देतात. कादंबरी दिवाळी अंकात वाचली की पुस्तकात, हेही सांगतात, कारण अंकातला मजकूर पानांच्या हिशेबात कापलेला असतो आणि पुस्तक करताना लेखक तो वाढवतो, कधी शेवटही बदलतो. नोव्हेंबरमधलं 'शेवट घाईचा' हे मत पुढे आलेल्या पुस्तकाला लागू पडेलच असं नाही.

सगळ्यात जास्त चुका अनुवादांबाबत होतात. वाक्यं अडखळली की दोष मूळ लेखकाच्या माथी, आणि ओघवती झाली की श्रेयही त्यालाच. अनुवादकाचं नावच लिहायचं राहून जातं. उपाय साधा: दोन-तीन वाक्यं जशीच्या तशी उतरवायची, म्हणजे अडखळण कुणाची ते वाचणाऱ्याला दिसतं.

आणखी एक नोंद आता सर्रास दिसते: 'पान ७२ला सोडली.' पुढे एका वाक्यात कारण. दोन प्रतींच्या व्यवस्थेत असं लिहायची सोय नव्हती. परीक्षकाने पुस्तक पूर्ण वाचलंय, असंच धरून चालायचं असे.