पापणीवरील गाठ

पापणीच्या कडेवर, त्वचेखाली किंवा आतल्या बाजूस येणारा फुगवटा. बहुतेक गाठी पापणीतल्या तेलग्रंथी तुंबल्याने येतात आणि शेक दिल्याने किंवा आपोआप बऱ्या होतात. बोलताना अशा सगळ्याच गाठींना ‘रांजणवाडी’ म्हटले जाते आणि उपचारातला घोळ बहुधा तिथूनच सुरू होतो.

वरच्या पापणीत साधारण ३० ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० तेलग्रंथी उभ्या ओळीने असतात. जर्मन वैद्य हाइनरिश माइबोम याने १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले; त्यावरून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. त्यांची तोंडे पापणीच्या केसांच्या मागे, कडेवर बारीक ठिपक्यांसारखी दिसतात. त्यांतून झिरपणारे तेल अश्रूंवर पसरते आणि डोळा कोरडा पडू देत नाही. निरोगी ग्रंथी हलकेच दाबली तर स्वच्छ तेलाचा थेंब येतो; तुंबलेलीतून टूथपेस्टसारखी पांढरट, घट्ट वळी निघते.

खरी रांजणवाडी म्हणजे जंतुसंसर्ग, बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा. केसाच्या मुळाशी लाल, ठणकणारा फोड येतो, दोन-तीन दिवसांत त्याला पिवळे तोंड पडते आणि आठवडाभरात तो फुटून बसतो. संसर्ग मायबोमियन ग्रंथीत झाला तर ठणका अधिक असतो आणि तोंड पापणीच्या आत पडते.

कॅलेझियॉन दिसायला तसेच, पण प्रकरण वेगळे. यात ग्रंथीतले साचलेले तेल आजूबाजूच्या पेशींत पाझरते आणि त्याभोवती शरीर सूज आणते. गाठ वाटाण्यासारखी टणक असते, दुखत नाही आणि वरची त्वचा तिच्यावरून सहज सरकते. जंतू नसल्यामुळे प्रतिजैविकांचे थेंब आठवडेच्या आठवडे घालूनही ती जात नाही. मोठी गाठ बुबुळावर दाब देऊन नजर धूसर करते. लहान मुलांत यामुळे डोळा आळशी होण्याचा, म्हणजे त्याची नजर नीट न घडण्याचा, धोका असतो, म्हणून तिथे फार वाट पाहू नये.

दोन्हींवर पहिला उपाय शेकाचा. मात्र तो नीट दिला तरच उपयोग. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळावे आणि मिटलेल्या डोळ्यावर ठेवावे. ते मिनिट-दोन मिनिटांत कोमट होते आणि बहुतेकांचा शेक तिथेच संपतो. घट्ट झालेले तेल वितळायला ऊब टिकावी लागते, म्हणून पुन्हा पुन्हा बुडवत एका वेळी १० ते १५ मिनिटे, दिवसातून तीन-चारदा शेकावे. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेले कापड टाळावे. पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ, ती लगेच भाजते. कॅलेझियॉन असेल तर शेकानंतर स्वच्छ बोटाने, वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, कडेच्या दिशेने हलके चोळावी. फोड पिळू नये, संसर्ग पसरतो. बरे होईपर्यंत कॉन्टॅक्ट लेन्स आणि डोळ्यांचा मेकअप बंद.

इतर गाठींपैकी नाकाकडच्या कोपऱ्यातले पिवळसर चपटे डाग म्हणजे झँथेलाझ्मा. ते कोलेस्टेरॉलचे असतात, तरी असे डाग असलेल्या सुमारे निम्म्या जणांत रक्तातले प्रमाण सामान्यच निघते. तपासून मात्र घ्यावे. नाकाजवळ, खालच्या पापणीच्याही खाली दुखरी सूज असेल आणि दाबल्यावर डोळ्यात पू येत असेल, तर दोष अश्रूपिशवीचा.

त्याच दिवशी रुग्णालय गाठावे अशी लक्षणे: ताप, संपूर्ण पापणी सुजून डोळा मिटणे, डोळा बाहेर आल्यासारखा दिसणे, डोळा हलवताना दुखणे, एकाचे दोन दिसणे, नजर कमी होणे. संसर्ग डोळ्याच्या खोबणीत उतरल्याची ही चिन्हे आहेत. साध्या गाठीसाठी महिनाभर नियमित शेक देऊनही फरक नसेल तर नेत्रतज्ज्ञाकडे जावे. ते जागा बधिर करून पापणी उलटतात, आतून उभा छेद देऊन गाठ खरवडून काढतात. त्वचेवर व्रण राहत नाही. कधी स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात, त्याने सावळ्या त्वचेवर पांढुरका डाग पडू शकतो.

काढलेली गाठ त्याच जागी पुन्हा आली, त्या भागातले केस गळाले, कडेचा आकार बिघडला, जखम होऊन रक्त येऊ लागले किंवा एकाच डोळ्याची पापणी महिनोन्‌महिने लाल राहिली, तर कर्करोगाचा विचार करावा लागतो, विशेषतः उतारवयात. तेलग्रंथींचा कर्करोग हुबेहूब कॅलेझियॉनसारखा दिसतो. म्हणून पुन्हा उद्भवलेली गाठ काढल्यावर तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठी पाठवला आहे ना, हे रुग्णाने स्वतः विचारून घ्यावे.