उन्हाळी पक्षीनिरीक्षण आणि आमचा घरट्यांचा नियम: थोडी पार्श्वभूमी

आमच्या पक्षीनिरीक्षण क्लबच्या ग्रुपवर घरट्यांचे फोटो टाकायला बंदी आहे, त्यामुळे दर वर्षी एप्रिल लागला की कोणीतरी नवीन मेंबर विचारतोच, "माझा घरट्याचा फोटो का उडवला?" आणि मग जुने लोक दोन दिवस भांडत बसतात. यंदाही झालं. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवते, पुढच्या वर्षी नुसतं फॉरवर्ड करता येईल. मी दोन्ही बाजू मांडायचा प्रयत्न करणार आहे, जमेल तितका.

पहिली गोष्ट म्हणजे पुण्यातल्या पक्षीनिरीक्षणाचा सगळा सांगाडाच हिवाळ्याचा आहे. पाषाण, कवडीपाट, भिगवण अशा पाणथळ जागी जायचं ते बदकं आणि चिखलातले पक्षी बघायला. पाणपक्ष्यांची गणना जानेवारीत, ती १९८७ पासून चालू आहे. फेब्रुवारीतली चार दिवसांची जागतिक मोजणी भारतात २०१३ पासून. राज्य सरकारचा पक्षी सप्ताह २०२० पासून, तोही ५ ते १२ नोव्हेंबर, कारण मारुती चितमपल्ली आणि सलीम अली या आपल्या दोन मोठ्या पक्षीतज्ज्ञांचे वाढदिवस त्या दोन टोकांना येतात. चक्रवाक आणि थापट्या ही हिवाळी पाहुणी बदकं मार्चमध्ये उत्तरेला गेली की दुर्बिणी कपाटात. मी क्लबमध्ये आले तेव्हा एप्रिल-मेमध्ये फिरतीच नसायची, सुट्टीत मुलांचं एखादं शिबिर असलं तर तेवढंच. आणि गंमत म्हणजे आपल्याकडचे बरेचसे स्थानिक पक्षी जे काही महत्त्वाचं करतात, म्हणजे गाणं, जोडी जमवणं, अंडी, पिल्लं, ते याच दिवसांत नाहीतर पहिल्या पावसाच्या आगेमागे करतात.

फार जुना इतिहास इथे सांगत बसत नाही. पण एकोणिसाव्या शतकात उन्हाळा हा अंडी गोळा करणाऱ्यांचा सीझन होता, हे माहीत असावं. गोरे अधिकारी घरटी शोधायचे, अंड्याला बारीक भोक पाडून आतलं काढून टाकायचे आणि कवच कापसात ठेवून पेटीत भरायचे. आज आपण कुठला पक्षी कधी वीण करतो, घरटं किती उंचीवर बांधतो हे जे बिनधास्त सांगतो ना, त्यातलं बरंचसं त्या पेट्यांमधून आलेलं आहे. दुसरीकडे फासेपारधी तित्तिराचा हुबेहूब आवाज काढून तित्तिर बोलवायचे. आवाजानं पक्षी जवळ आणायची कला मोबाईलसोबत आली असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे सांगितलं.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्यातली 'शिकार' या शब्दाची व्याख्या एकदा वाचाच. त्यात मारणं आणि पकडणं तर आहेच, पण आमिष दाखवणंही आहे आणि रानपक्ष्यांच्या बाबतीत अंडी किंवा घरट्याला त्रास देणंही आहे. म्हणजे बंदूक नसली तरी चालतं. आमच्या नियमाचं मूळ तिथे आहे असं कमिटीवाले सांगतात, पण खरं सांगायचं तर तो कायदा असूनही पुढची तीसेक वर्षं क्लबांमध्ये कोणी याचा फारसा विचार करत नव्हतं. गरजच पडली नाही. फिल्मच्या रोलमध्ये ३६ फोटो, धुवायचा खर्च वेगळा आणि लांब लेन्स पूर्ण ग्रुपमध्ये एखाद्याकडे.

बदललं ते डिजिटलनं. २०१३ च्या शेवटी १५०-६०० मिमीची परवडणारी झूम लेन्स आली, २०१५ मध्ये ८३ पट झूमचा तो एक कॅमेरा आला, आणि एका वर्षात रविवारच्या फिरतीत दुर्बिणींपेक्षा कॅमेरे जास्त दिसायला लागले. कॅमेऱ्याला हिवाळ्यातलं लांबच्या पाण्यातलं बदक नको असतं, त्याला रंग पाहिजे आणि जवळ पाहिजे. ते दोन्ही उन्हाळ्यात मिळतं. मेअखेरीस आणि जूनमध्ये येणारा नवरंग, पांढऱ्या रिबिनीसारखं शेपूट मिरवणारा स्वर्गीय नर्तक, माळावर धाविक आणि डोंबारी चंडोल, उजनी धरणाचं पाणी खाली गेलं की उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय (एरवी धरणात बुडालेलं पळसदेवचं देऊळ पाण्यावर दिसायला लागलं की निघायचं, असा आमचा हिशोब) आणि पाऊस सुरू होताच कोकणात तिबोटी खंड्या. त्यात २०१५ पासूनच मे महिन्यातल्या एका शनिवारी जगभर चोवीस तासांची मोजणी व्हायला लागली, मग उन्हाळ्याला तारीख पण मिळाली. पहाटे पावणेसहाला निघायचं, साडेनवाला उसाचा रस पिऊन घरी.

थोडक्यात उन्हाळी फिरती आमच्याकडे कॅमेऱ्यामुळे आली, आणि भांडणंही त्याच पिशवीतून आली.

आता नियम. पहिला मसुदा एका ओळीचा होता, "घरट्यांचे फोटो काढू नयेत, टाकू नयेत." कमिटीत पाच जण, तीन विरुद्ध दोननं पास झाला. विरोधातल्या दोघांचं म्हणणं मी तेव्हाही नीट ऐकलं होतं: लांबून, न हलता काढलेल्या फोटोनं काही होत नाही, उलट नोंद राहते, आणि वीण कधी होते याची नोंदच नसेल तर उद्या एखाद्या टेकडीवर रस्ता आला तेव्हा कशाच्या जोरावर बोलणार? मुद्दा चुकीचा नव्हता. फक्त हे बोलणाऱ्यांपैकी एकानंही आजपर्यंत विणीची एक तारीख कुठे नोंदवलेली मला दिसली नाही, फोटो मात्र भरपूर दिसले. असो.

मी नियमाच्या बाजूनं का गेले ते सांगते, कारण गुन्हेगार मीच होते. सासवडच्या पुढच्या एका माळावर टिटवीची चार अंडी सापडली. घरटं कसलं, खड्यांमध्ये जरासा खळगा, अंड्यांचा रंगही खडीसारखाच. मी ट्रायपॉड लावला. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती आणि मला वाटत होतं, वा, फ्लाइट शॉट पण मिळतायत. घरी येऊन फोटो बघितले तर पहिल्याची वेळ ८:५२ आणि शेवटच्याची ९:१७. पंचवीस मिनिटं ती अंडी उघडी होती, एप्रिलच्या उन्हात. आपण परदेशी सूचना वाचतो त्यात असतं की पक्षी उठला तर अंडी गार पडतात. आपल्याकडे उलटं आहे, ती भाजतात. टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला कमी आणि सावली द्यायला जास्त, पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि परत बसते. पुढे त्या अंड्यांचं काय झालं ते बघायला गेले नाही. धीर झाला नाही.

तर नियम झाला, आणि पहिल्याच पावसात तिबोटी खंड्यानं तो मोडीत काढला. या पक्ष्याचं घरटं म्हणजे ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत खणलेलं बोगद्यासारखं बीळ. फोटोत घरटं नसतंच! फोटोत असतो हिरव्या पार्श्वभूमीवर, शेवाळलेल्या काडीवर बसलेला, चोचीत सापसुरळी घेतलेला जांभळा-नारिंगी पक्षी. "यात घरटं कुठाय, दाखवा," असा मेसेज आला आणि ॲडमिनकडे उत्तर नव्हतं. पण मी त्या जागी जाऊन आलेय. दरडीपासून दहा-बारा पावलांवर ट्रायपॉडची रांग, मध्ये ती काडी, आणि काडी ओढ्यात आपोआप उगवलेली नव्हती, कोणीतरी आणून खोचली होती. पक्षी तिच्यावर येऊन बसला, चोचीत सापसुरळी, मान वरखाली करतोय, बिळाकडे बघतोय, आमच्याकडे बघतोय. मी घड्याळ लावलं. अकरा मिनिटं. मग सापसुरळी स्वतःच गिळली आणि उडून गेला. सगळ्यांना शार्प फोटो मिळाले.

तेव्हा कळलं की गोंधळ 'घरटं' या शब्दातच आहे. आपल्या डोक्यात घरटं म्हणजे काड्यांची वाटी. रातवा तीही करत नाही, पाचोळ्यावर अंडी घालतो आणि मोकळा होतो. तांबट आणि पोपटांची ढोली, वेडा राघूचं जमिनीतलं बीळ, सुरयचा वाळूतला नुसता खळगा. मग दुसऱ्या मसुद्यात यादी आली: घरटं, ढोली, बीळ, अंडी, न उडणारी पिल्लं, चोचीत काडी, चोचीत चारा. सगळे खूश, तीन दिवस. चौथ्या दिवशी कोणीतरी वेडा राघूचा माशी पकडलेला फोटो टाकला आणि विचारलं, हा जेवतोय की पिल्लांना नेतोय? वेडा राघू वर्षभर चोचीत माशी घेऊनच बसलेला असतो हो. साधा खंड्याही तसाच. मग 'चोचीत चारा' ला तळटीप, तळटिपेला अपवाद. सरकारी जीआर परवडला.

सुगरणीला मात्र सगळ्यांनी एकमतानं सूट दिली. विहिरीवरच्या बाभळीला लटकलेले खोपे मराठी माणूस शाळेपासून बघत आलाय, त्यांना बंदी घातली असती तर क्लबच फुटला असता.

आवाज वाजवण्याबद्दल एवढंच, की विणीच्या दिवसांत कॉल, म्हणजे पक्ष्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग, लावायचा नाही हे आता जवळपास सगळे मानतात. नवरंगाची ती दोन सुरांची शीळ मोबाईलवर लावली की तो बिचारा दुसरा नर आला समजून पाचोळ्यातून पळत येतो, आणि आख्खी सकाळ नसलेल्या शत्रूशी भांडत बसतो. लोकेशनचा पिन टाकायचा नाही हेही त्यातच आलं, तालुका लिहा, बास.

पाणवठ्यांचं प्रकरण नवीन आहे. मूळ 'लपण' म्हणजे डहाळ्या, गोणपाट नाहीतर जुनी चादर लावून केलेला आडोसा, आत एक माणूस घाम गाळत बसलेला. बुद्धपौर्णिमेला रानातल्या पाणवठ्यावर मचाणावर रात्र काढायची प्रथा त्याच कुळातली. आता 'हाइड' म्हणजे पैसे देऊन बुक करायचा स्लॉट, समोर सिमेंटचं तळं, त्यावर छान फांदी. दांडेलीजवळ गणेशगुडीला आपले अर्धे मेंबर जाऊन आलेत आणि तिथले फोटो ओळखायला येतात, पक्षी बदलतो, फांदी तीच. मला स्वतःला पाण्याच्या हाइडचा राग नाही, घरट्यापाशी जाण्यापेक्षा हजार पटीनं बरं, आणि भिगवणला पूर्वी फक्त मासेमारी करणाऱ्या घरांना बोटीतून पाहुणे फिरवून पैसे मिळतात तसं इथेही कोणाचं तरी घर चालतं. पण दाणे आणि किडे टाकायला लागले की ते कायद्यातलं 'आमिष' होतं का, यावर अजून कमिटीची मीटिंग झालेली नाही. जेवण कोण देणार यावर अडलीये.

सध्याचा मसुदा तिसरा आहे, ग्रुपवर पिन करून ठेवलाय, सुगरण धरून तीन अपवाद. कालच एका काकांनी विचारलं की त्यांच्या सोसायटीतल्या वाळक्या गुलमोहराच्या फांदीला तांबटानं ढोली केलीय, ती त्यांच्या बेडरूमच्या खिडकीतून चहा पिताना रोज दिसते, पक्ष्याला त्यांची सवय झालीय, तर फोटो चालेल का. ॲडमिननं अजून उत्तर दिलेलं नाही. मेसेजखाली निळ्या टिका दिसतायत.